फ्रीकॅडमध्ये पूर्ण कन्स्ट्रेन केलेलं स्केच कसं काढावं: मोटरच्या बेस प्लेटचं उदाहरण

सांगली-मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शॉपला मोटरची बेस प्लेट नवी नाही. मोटरची फ्रेम (ठरावीक साइज) बदलली की बोल्टचं अंतर बदलतं, बाकी घडण तीच राहते. जुन्या स्केचमधला एक आकडा बदलल्यावर कडा आणि स्लॉट (बोल्टची लांबट भोकं) आपापल्या योग्य जागी सरकले, तर ते स्केच कामाचं. रेघ तिरकी झाली किंवा स्लॉट कडेला भिडला, तर प्रत्येक नव्या मोटरसाठी ड्रॉइंग पुन्हा पहिल्यापासून काढावं लागतं.

इथे फ्रीकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर घेतलं आहे, कारण ते फुकट आहे आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालतं. सॉलिडवर्क्स किंवा फ्यूजनमध्ये बटणं वेगळी असली तरी विचार हाच. कन्स्ट्रेंट म्हणजे रेघा-बिंदूंवर घातलेलं बंधन, जसं माप किंवा आडवं-उभं असणं. फ्रीकॅडमध्ये अशा बंधनांनी पूर्ण बांधलेलं स्केच हिरवं होतं, सॉलिडवर्क्समध्ये निळ्या रेघा काळ्या होतात. ऑटोकॅडमध्येही २०१० च्या आवृत्तीपासून पॅरामेट्रिक कन्स्ट्रेंट आहेत.

आधी हिशेब समजून घ्या. मोकळीक म्हणजे हलायची किंवा बदलायची मुभा. बिंदूला दोन मोकळीका असतात, आडवी आणि उभी. रेघेला दोन टोकं, म्हणून चार. वर्तुळाला तीन: केंद्राच्या दोन आणि त्रिज्येची एक. कंसाला पाच. प्रत्येक कन्स्ट्रेंट यातली एक किंवा अधिक मोकळीक काढून घेतो. शिल्लक शून्य झाली की स्केच पूर्ण बांधलं गेलं. फ्रीकॅडच्या डावीकडच्या पॅनेलमध्ये शिल्लक आकडा दिसत राहतो. तो प्रत्येक कृतीनंतर वाचायची सवय लावा. अपेक्षेपेक्षा कमी-जास्त उतरला, तर चूक त्याच कृतीत असते आणि लगेच सापडते.

आता प्लेट. मोटर १०० एल फ्रेमची, पायावर बसणारी. आयएस १२३१ या भारतीय मानकाप्रमाणे तिच्या पायाच्या भोकांचं अंतर शाफ्टला आडवं १६० मिमी आणि शाफ्टच्या दिशेने १४० मिमी असतं. बोल्ट एम १०, म्हणून स्लॉटची रुंदी ११ मिमी. बेल्ट ताणायला मोटर शाफ्टला आडवी सरकली पाहिजे, म्हणून स्लॉट त्या दिशेने लांब, केंद्रापासून केंद्रापर्यंत ४० मिमी. प्लेट २६० बाय १९०.

स्केच वरून दिसणाऱ्या पायाभूत प्लेनवर सुरू करा. आयत मूळबिंदूभोवती, साधारण खऱ्या मापाच्या जवळ काढा. बोटभर आयत काढून थेट २६० टाकलं, तर आधी काढलेले बाकीचे भाग विस्कटतात. आयताच्या टूलने कोपरे जोडलेले आणि बाजू आडव्या-उभ्या केलेल्या मिळतात, म्हणून शिल्लक चार: जागेच्या दोन, लांबी आणि रुंदी. कर्णावरचे समोरासमोरचे दोन कोपरे निवडा, शेवटी मूळबिंदू निवडा आणि सिमेट्री (दोन्ही बाजूंना समान अंतर) द्या. हा क्रम पाळा, कारण सॉफ्टवेअर शेवटचा बिंदू मध्य म्हणून धरतं. दोन मोकळीका गेल्या. मग २६० आणि १९०. शिल्लक शून्य.

आयताला दोन आडव्या आणि दोन उभ्या बाजू मिळालेल्याच आहेत. समोरासमोरच्या बाजू समान असल्याचा कन्स्ट्रेंट वर लादला, तर तो अनावश्यक ठरतो. फ्रीकॅड तसा इशारा देतं, आणि त्या ओळीवर क्लिक केलं की दोषी कन्स्ट्रेंट निवडला जातो. नंतर लावलेला काढून टाका. इशारा तसाच ठेवून पुढे जाणं ही सगळ्यांत महागात पडणारी सवय आहे: पुढे दहा कन्स्ट्रेंट वाढले की मुळातला कोणता नको होता, ते ओळखणं अवघड होतं.

आता स्लॉट टूलने चार कोपऱ्यांत चार स्लॉट काढा. प्रत्येकाला पाच मोकळीका: दोन केंद्रांच्या चार आणि त्रिज्येची एक. चार स्लॉटच्या मिळून वीस. पुढचा क्रम असा ठेवा.

प्रत्येक स्लॉटची एक सरळ बाजू आडवी करा (शिल्लक १६). काढतानाच सॉफ्टवेअरने ती आपोआप आडवी केली असेल तर पुन्हा करू नका, अनावश्यक ठरेल. चारही स्लॉटची एकेक गोलाई समान करा (१३), मग सरळ बाजू समान करा (१०). एका गोलाईला त्रिज्या ५.५ (९) आणि एका स्लॉटच्या दोन केंद्रांमध्ये ४० द्या (८).

उरल्या फक्त जागा. डाव्या वरच्या स्लॉटचं बाहेरचं केंद्र आणि उजव्या वरच्याचं बाहेरचं केंद्र, दोन्ही निवडून उभ्या अक्षाभोवती सिमेट्री द्या (६). डावा खालचा स्लॉट डाव्या वरच्याशी आडव्या अक्षाभोवती (४). उजवा खालचा डाव्या खालच्याशी उभ्या अक्षाभोवती (२). केंद्रं निवडताना नीट पाहा. एकाचं बाहेरचं आणि दुसऱ्याचं आतलं निवडलं, तर स्लॉट पूर्ण स्लॉटलांबी सरकून बसतो. स्केच तरीही हिरवं होतं आणि चूक नजरेतून निसटते.

शेवटची दोन मापं. मोटरचं १६० हे स्लॉटच्या मध्यापासून मध्यापर्यंत आहे, पण मध्यावर निवडायला बिंदू नाही. चारही स्लॉट सारखे असल्यामुळे डाव्या स्लॉटच्या डाव्या केंद्रापासून उजव्या स्लॉटच्या डाव्या केंद्रापर्यंत आडवं अंतर नेमकं १६० येतं. तिथे माप द्या. उभं माप १४०. शिल्लक शून्य.

हिरवा रंग दिसला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. रंग फक्त स्केच हलत नाही एवढंच सांगतो, मापं योग्य जागी दिली आहेत की नाही हे सांगत नाही. दोन चाचण्या करा. पहिली: सगळं बांधण्याआधी कोणताही कोपरा माऊसने ओढून पाहा, नको ती गोष्ट हलते का. दुसरी: मोटर ११२ एम झाली असं धरून १६० चं १९० करा. स्लॉट बाहेर सरकतील, प्लेट मात्र २६० च राहील, आणि कडेपर्यंत जेमतेम साडेनऊ मिमी उरतील. म्हणजे प्लेटची लांबी स्वतंत्र आकडा असू नये.

म्हणून मापांना नावं द्या, रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. मग प्लेटच्या लांबीच्या मापात आकड्याऐवजी सूत्र लिहा: बोल्टचं आडवं अंतर अधिक १००. रुंदीला: उभं अंतर अधिक ५०. आता १९० टाकलं की प्लेट आपोआप २९० होते. मोटरचं माप मालक आणि प्लेट त्याच्यामागे, हे नातं स्केचमध्ये उतरलं पाहिजे. मोठा बदल एकदम टाकला आणि काही उलटलं, तर रद्द करून थोड्या थोड्या टप्प्यांत बदला. गणिताला दोन उत्तरं असली की सॉफ्टवेअर कधी कधी दुसरं उचलतं.

स्केच हिरवं होत नसेल, तर शिल्लक मोकळीकांच्या ओळीवर क्लिक करा. अजून सैल असलेले भाग निवडले जातील. कोणतं माप राहिलं, ते ओळखा आणि तेच द्या. ब्लॉक कन्स्ट्रेंट (भाग आहे तिथेच गोठवणारा) लावून, किंवा सॉलिडवर्क्समधलं स्केच आपोआप पूर्ण करणारं बटण दाबून रंग बदलू नका. त्याने कुठूनही घेतलेली मापं चिकटतात आणि उद्या एक आकडा बदलायला गेलात, तर सगळं अडतं.

कोपऱ्यांचे राउंड स्केचमध्ये न काढता प्लेटला जाडी दिल्यावर कडांवर द्या, स्केच हलकं राहतं. लेझर कटिंगसाठी डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) द्यायची असेल आणि राउंड हवे असतील, तर मात्र ते त्यात दिसायला हवेत. कोपरे जोडलेले दिसूनही जाडी देताना चूक येत असेल, तर स्केच तपासणीच्या टूलने न जुळलेली टोकं शोधा.

लेझरवाल्याला दिलेल्या डीएक्सएफमध्ये फक्त रेघा जातात, कन्स्ट्रेंट आणि सूत्रं जात नाहीत. म्हणून मूळ फ्रीकॅड फाइल जपून ठेवा. डीएक्सएफसोबत एकक मिमी असल्याचं आणि एकूण लांबी २६० असल्याचं लिहून द्या, म्हणजे पत्रा कापण्याआधी त्यांना पडद्यावर पडताळता येईल.