ऑफ-रोड ताफ्यासाठी वॉकीटॉकीची निवड

ऑफ-रोडिंग क्लबसाठी वॉकीटॉकी घ्यायचे ठरले की चर्चा बहुधा वॅट आणि किलोमीटर यांच्यापासून सुरू होते आणि खोक्यावर छापलेला मोठा आकडा पाहून खरेदी उरकली जाते. तो आकडा मोकळ्या, विनाअडथळा जागेसाठी असतो. सह्याद्रीच्या घळीत त्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून आधी आपल्या ताफ्याची लांबी मोजावी, मग कायदा पाहावा आणि संचाचा विचार त्यानंतर करावा.

दहा गाड्यांचा ताफा धुळीमुळे दोन गाड्यांत शंभर-शंभर मीटर अंतर ठेवून चालला, तरी पहिल्या आणि शेवटच्या गाडीत जेमतेम ९०० मीटरचे अंतर पडते. क्लबला खरी गरज एवढ्या अंतराची असते. आता शक्तीचा हिशेब पाहू. अर्ध्या वॅटऐवजी पाच वॅटचा संच घेतला, म्हणजे शक्ती दहापट केली, तरी मोकळ्या जागेत पल्ला साधारण तिप्पटच होतो; आणि मध्ये डोंगराची सोंड आली तर तेवढाही फायदा हाती लागत नाही, कारण वॉकीटॉकीच्या रेडिओलहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि काळ्या कातळाच्या कड्यामागे त्यांची सावली पडते. ताम्हिणी किंवा वरंध घाटासारख्या वळणावळणांच्या मुलखात दोनशे मीटरवरची गाडी ऐकू येत नाही आणि समोरच्या धारेवर उभी असलेली, कितीतरी लांबची गाडी मात्र स्पष्ट ऐकू येते, ते याचमुळे.

कायद्याची बाजू प्रत्येक क्लबने गांभीर्याने घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. भारतात २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या वॉकीटॉकींना परवाना लागत नाही. मात्र संचाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग शाखेची ‘ईटीए’ (उपकरणाच्या प्रकाराला दिली जाणारी) मान्यता असली पाहिजे. ऑनलाइन दुकानांवर सर्रास विकले जाणारे स्वस्त, पाच वॅटचे, १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पुढे कुठेही लावता येणारे संच या सवलतीत बसत नाहीत. त्यांची विक्री इतकी बेसुमार झाली होती, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. परदेशातील नातेवाइकांनी प्रेमाने आणलेल्या संचांचीही तीच गत आहे: अमेरिकेत घरोघरी वापरले जाणारे संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि ती सवलत तिकडची आहे, इकडची नव्हे. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे तर परवानगीशिवाय बाळगूसुद्धा नयेत. अशा कारणावरून भारतातील विमानतळांवर प्रवाशांना ताब्यात घेतल्याची उदाहरणे आहेत.

तेव्हा बहुतेक क्लबांसाठी ४४६ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त, मान्यताप्राप्त संच हीच योग्य निवड आहे. या वर्गातील संच साधारणपणे अर्ध्या वॅटचे असतात आणि वर केलेल्या हिशेबाप्रमाणे ताफ्याला तेवढे पुरतात. २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन्स बँडमध्येही (सर्वसामान्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यातही) पाच वॅटपर्यंत परवान्याची गरज नाही, पण तेथे तरंगलांबी अकरा मीटर असल्यामुळे पाव लांबीचा अँटेनासुद्धा पावणेतीन मीटरच्या घरात जातो, आणि कारवीच्या रानातून वाट काढणाऱ्या गाडीवर तो टिकणे अवघड असते. मोबाइलवरील ‘दाबा आणि बोला’ प्रकारची ॲप नेटवर्क असेपर्यंतच चालतात, त्यामुळे मुख्य साधन म्हणून त्यांचा विचार करू नये.

ज्यांना खरोखर अधिक पल्ला हवा आहे, त्यांनी हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायच्या रेडिओचा मार्ग धरावा. वयाची बारा वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही त्यासाठीची परीक्षा देता येते, आणि परवाना मिळाल्यावर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात गाडीच्या टपावरील सुमारे अर्ध्या मीटरच्या अँटेनानेही उत्तम काम होते. परंतु एकाने काढलेला परवाना साऱ्या क्लबला चालत नाही. ज्याच्याकडे तो नाही, त्याने त्या संचावरून बोलू नये. शिवाय हॅम रेडिओ व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाही, त्यामुळे पैसे घेऊन सहली नेणाऱ्या आयोजकांना तो उपयोगाचा नाही. पुढच्या आणि मागच्या गाडीत चालकाशेजारी बसणाऱ्या दोघांनी परवाना काढला आणि बाकीच्यांनी ४४६ चे संच ठेवले, तर मोठ्या क्लबची सोय चांगली होते.

संच हातात घेऊन पाहताना माझ्या मते ध्वनीला पहिले महत्त्व द्यावे. डिझेल इंजिन चालू, काचा खाली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये दगडांवरून चढत असताना समोरच्याचे शब्द कळतात का, हे दुकानाच्या शांततेत समजत नाही. बोलण्याचे बटण मोठे आणि ओल्या हातालाही जाणवणारे असावे. पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी आयपी ६७ दर्जा पाहावा. असा संच एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जात नाही. बॅटरी बदलता येणारी आणि गाडीतूनच चार्ज होणारी असावी. प्रत्येक गाडीला एक संच, पायी उतरून वाट दाखवणाऱ्या स्पॉटरला एक आणि राखीव दोन, अशी संख्या धरावी. सगळ्यांनी एकाच प्रकारचा संच घेतला तर चार्जर आणि बॅटऱ्या एकमेकांना देता येतात.

‘प्रायव्हसी कोड’ नावाच्या सुविधेसाठी जास्त पैसे देऊ नयेत. तिच्यात बोलण्यासोबत जाणाऱ्या सूक्ष्म टोनमुळे इतरांचे बोलणे आपल्या संचावर ऐकू येत नाही एवढेच; आपले बोलणे मात्र त्या चॅनेलवरील कोणालाही ऐकता येते. उलट टोन लावल्याने चॅनेल रिकामे आहे असा गैरसमज होतो आणि आपण दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलतो.

खरेदीपूर्वी दोन संच उसने मिळवून नेहमीच्या ट्रेलवरच चाचणी घ्यावी: एक संच ओढ्यात, दुसरा खिंडीत. गाडीच्या पत्र्यामुळे संकेत किती घटतो, हेही त्याच वेळी कळते. संच मांडीवर ठेवून आणि काचेजवळ धरून, दोन्ही प्रकारे बोलून पाहावे. संच शक्यतो शेजारी बसलेल्याच्या हाती द्यावा. हातात धरलेले संपर्क उपकरण गाडी चालवताना वापरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालन ठरू शकते, आणि तीव्र उतारावर दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेतच.

वापराची शिस्त आधीच ठरवावी. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. दोघे एकदम बोलले तर जोरकस संकेत दुसऱ्याला झाकून टाकतो, म्हणून ताफ्यात पुढची आणि मागची गाडी सोडून इतरांनी गरजेपुरतेच बोलावे. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) लावलेली असताना चॅनेलवर फक्त स्पॉटरचा आवाज असावा आणि ‘थांब’ हा शब्द मात्र कोणीही, केव्हाही उच्चारू शकेल, असा नियम असावा. ताफा डोंगराच्या दोन बाजूंना विभागला गेला की मधल्या गाडीने धारेवर थांबून निरोप पुढे पोहोचवावेत. आणि मागच्या गाडीकडून ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही, तर पुढच्याने मागे धावत न सुटता सगळ्यांनी जागीच थांबावे, दोन मिनिटांनी पुन्हा हाक द्यावी आणि तरीही उत्तर नसेल तर सर्वांत जवळच्या एकाच गाडीने शोधायला परतावे.