जुनं ओमेगा आणि नवं रोलेक्स : शेजारी ठेवून कसं पारखावं

पोर्तुगीज काळात गोव्यात परदेशी माल सहज यायचा. त्यामुळे फोंडा-डिचोलीकडच्या जुन्या घरांत कपाटाच्या खणात अजून एखादं ओमेगा घड्याळ सापडतं. बोटीवरून परतलेल्या मुलाने नवं रोलेक्स आणलं, की ‘ह्यातलं चांगलं कुठलं?’ हा प्रश्न येतोच. किंमत बाजूला ठेवा आणि दोन्ही खिडकीशी घेऊन बसा.

आधी तबकडी, भिंगातून. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. जुन्यावरची अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा वाकड्या दिसल्या, तर तबकडी बहुधा पुन्हा रंगवलेली आहे. आजोबांच्या ओमेगा सीमास्टरची तबकडी एका दुकानात न विचारता अशीच रंगवली गेली. ती तपकिरी झाक परत येत नाही, याची मला आजही हळहळ वाटते. डागाळलेली मूळ तबकडी मला चकचकीत रंगवलेलीपेक्षा कधीही प्रिय. १९५०च्या सुमाराच्या काट्या-आकड्यांवर चमकणारा लेप असेल, तर तो बहुधा रेडियमचा. घरी उघडू नका, खरवडू तर मुळीच नका. नव्यातला लेप किरणोत्सारी नसतो. उजेड पिऊन अंधारात चमकतो.

मग काच गालाला लावा. जुनी ॲक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकची काच कोमट लागते, नवी नीलमाची काच गार. ॲक्रिलिकवरचे ओरखडे पॉलिशने जातात. नीलमावर ते सहसा पडत नाहीत, पण जोराचा मार बसला तर ती फुटते.

आता कानाशी धरा. त्या काळच्या बहुतेक मशीनचे ठोके तासाला १८,००० ते १९,८००, म्हणजे सेकंदाला पाच-साडेपाच; नव्याचे २८,८००, म्हणजे आठ. जुन्याची टिकटिक सुटी-सुटी ऐकू येते.

आठवडाभर रोज रात्री मोबाईलशी वेळ ताडून वहीत लिहा. नव्या रोलेक्सला कंपनी दिवसाला अधिक-उणे २ सेकंदांची हमी देते. सर्व्हिसिंग झालेलं जुनं रोज अर्धा मिनिट इकडेतिकडे झालं, तरी मी त्याला नावं ठेवत नाही.

पाण्यात मात्र तुलनाच नाही. नवं रोलेक्स डेटजस्ट १०० मीटरपर्यंत टिकतं. जुन्याची पाणी अडवणारी रबरी रिंग कडक झालेली असते, म्हणून ते पणजीच्या मिरामार किनाऱ्याच्या वाळूवरही नेऊ नका. पावसाळ्यात चामडी पट्टा काढून ठेवा, नाहीतर बुरशी धरते. घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. काचेआड वाफ दिसली, तर त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या.