नदीकाठी बाग करताय? या चुका टाळा

माझ्या मावसभावाच्या गावात बाजारपेठेच्या मागून नदी वाहते. दर तीन-चार वर्षांनी ती दुकानांत शिरते. आता नगरपालिकेला तिच्या काठी बाग करायची आहे. त्याने परवा नकाशा पाठवला. त्यात काठाला दगडी भिंत, भिंतीमागे भराव, भरावावर लॉन, कारंजं आणि खाऊगल्ली. खाली लिहिलेलं, "ताई, कसं वाटतंय सांग."

मी बडोद्यात विश्वामित्री नदीपासून चालत दहा मिनिटांवर राहते. २०१९ आणि २०२४, दोन्ही पुरांत आमच्या तळमजल्यावर गाळ साचला होता. त्यामुळे उत्तर लांबलं. तेच इथे देते आहे, कारण असे नकाशे आणखी बऱ्याच गावांत तयार होत असणार.

भराव टाकून बाग उंच करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ढोबळ हिशेब करून पाहा. पुरात नदी १०० मीटर रुंद आणि सरासरी ४ मीटर खोल वाहते असं धरा. म्हणजे पाण्याला जायला ४०० चौरस मीटरची वाट आहे. तुम्ही काठावर २० मीटर रुंदीत ३ मीटर भराव टाकलात, तर त्यातले ६० चौरस मीटर गेले, जवळपास सातवा हिस्सा. पाणी मात्र तेवढंच येणार. ते चढेल, नाहीतर समोरच्या काठावर जाईल, आणि समोरच्या काठावर बहुधा गरिबांची वस्ती असते. बाग कोरडी राहिली तरी त्या घरांचं काय, हा प्रश्न नकाशा मंजूर होण्याआधी विचारायला हवा.

आमच्याकडे विश्वामित्री पावागडावरून येते. शहरात तिच्या दोन्ही बाजूंना घळी आहेत, आम्ही त्यांना कोतरं म्हणतो. पुराचं पाणी त्यांत पसरतं, थांबतं आणि सावकाश उतरतं. गेल्या काही दशकांत कोतरं बुजली, कांस म्हणजे ओढे आक्रसले, आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला. तेवढ्या पावसाला कुठलंही शहर तुंबलंच असतं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलापाशी नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा बुजवलेल्या प्रत्येक घळीचं पाणी कुणाच्या तरी घरात होतं. २०२५ च्या उन्हाळ्यात गाळ उपसून पात्र रुंद करण्याचं काम झालं. आधी बुजवायचं आणि मग खर्च करून उकरायचं, हे तुमच्या गावाला परवडणार नाही.

याच नदीच्या काठी सयाजीबाग आहे, आमची कमाटीबाग. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८७९ मध्ये ती सुरू झाली. पूर आला की तिच्यात पाणी शिरतं, गाळ बसतो, काही दिवस ती बंद राहते आणि साफ करून पुन्हा उघडते. जुनी झाडं उभी आहेत. तुमच्या बागेकडून हीच अपेक्षा ठेवा: तिने बुडावं आणि परत उभं राहावं.

पुराची रेषा न बघता आखणी

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. तुमच्या नदीची आखणी झाली आहे का, ते आधी विचारा. झाली नसेल तर बाजारातल्या जुन्या दुकानदारांकडे जा, कुठल्या वर्षी पाणी कितव्या पायरीला होतं ते विचारा आणि भिंतींवर रंगाने खुणा करा. एका दुपारचं काम आहे. त्या खुणांवरून ठरवा: सर्वांत खाली गवत आणि पायवाट, मधे मैदान, आणि स्वच्छतागृह, टपऱ्या, विजेचे पॅनेल हे सगळं वरच्या रेषेच्याही वर.

नाल्याचं तोंड विसरणं

काठ ओलांडण्याआधीच बाजार बुडतो तो यामुळे. नदी चढली की पावसाळी गटाराच्या तोंडातून पाणी उलटं येतं आणि रस्त्यावरच्या जाळ्यांमधून वर येतं. बाग करतानाच तोंडाला एकाच बाजूने उघडणारी झडप बसवा. पण झडप मिटली की शहरात पडणाऱ्या पावसाला वाट राहत नाही, म्हणून तिथे पंपाची सोय लागते. शिवाय झडपेत प्लास्टिक अडकलं की ती मिटतच नाही, त्यामुळे मे महिन्यात एकदा हाताने उघडझाप करून बघावी.

शोभेचं कुंपण, शोभेची झाडं

प्रवाहाला आडवा उभा राहणारा रेलिंगचा कठडा फांद्या, कापड, पिशव्या अडवतो, आणि बघता बघता त्याचा बंधारा होतो. कठडा काढता येणारा किंवा आडवा पाडता येणारा ठेवा, बाकं जमिनीत पक्की रोवा. लॉन गाळाखाली कुजतं. काठ धरून ठेवायला वाळा आणि वाळुंज चांगले. थोडं वर अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर. गुलमोहोर देखणा आहे, पण ओल्या मातीत तो लवकर उन्मळतो.

नदीतल्या रहिवाशांना न विचारणं

विश्वामित्रीत मगरी आहेत, भर शहरात. त्या काठाच्या मातीत बिळं करतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालतात, पहिल्या पावसाच्या सुमारास पिल्लं बाहेर येतात. उभी काँक्रीटची भिंत बांधली की त्यांना चढा-उतरायला जागा राहत नाही, आणि पुरात त्या गल्लीबोळात येतात. तुमच्या नदीत मगर नसेल, पण कासवं, खंड्या, काठाच्या मातीत घर करणारं काहीतरी असेलच. खोदकामाचे महिने त्यांच्याकडे बघून ठरवा.

पुरानंतरच्या चार दिवसांचा विचार नसणं

गाळ ओला असतो तोवर पाण्याच्या फवाऱ्याने आणि फावड्याने निघतो. कडक ऊन पडलं की तो विटेसारखा होतो, मग कुदळ लागते. आमच्या जिन्यातला गाळ आम्ही तिसऱ्या दिवशी काढायला घेतला, आणि पायऱ्यांच्या कडा त्यात फुटल्या. म्हणून बागेत जेसीबी उतरेल असा उतार हवा, बोअरवेलचा पंप पूररेषेच्या वर हवा, आणि सफाईचे पैसे दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळे काढलेले हवेत. मावसभावाच्या नकाशात हा उतारच नव्हता. पूर येताना बागेचं फाटक कुणी बंद करायचं, पुलावरच्या पट्टीवर पाणी कुठल्या आकड्याला आलं की करायचं, आणि किल्ली रात्री कुणाकडे असते, तेही नव्हतं. मी त्याला एवढंच कळवलं आहे की कारंजं सध्या खोडून ठेव आणि त्या जागी आधी उतार काढ.