मिग्मटाइटवर काम सुरू करताय? पांढऱ्या पट्ट्यापासून सावध

मिग्मटाइट म्हणजे अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला दगड. महाराष्ट्रात भूशास्त्रात एमएस्सी केलेल्यांची नजर बेसॉल्टवर बसलेली असते. त्यामुळे क्लोजपेट ग्रॅनाइटवर पहिल्यांदा गेलात की गोंधळ उडणारच. उडू द्या, महिनाभरात डोळा बसतो. कर्नाटकात सुमारे ४०० किलोमीटर पसरलेला, अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा हा पट्टा. तिथलं कवच कललेलं असल्यामुळे दक्षिणेला कब्बलदुर्गाकडे खोल कवच उघडं पडलंय आणि उत्तरेला जावं तसं उथळ होत जातं. शिलारस वर कसा सरकला हे पायी चालत बघायची अशी सोय फार कमी ठिकाणी आहे.

वितळण्याचं रसायनशास्त्र तुम्हाला पाठ असेलच: मोकळं पाणी नसलं तरी ८०० अंश सेल्सियसच्या आसपास बायोटाइट (काळा अभ्रक) मोडतो, मेल्ट म्हणजे वितळलेला शिलारस सुटतो, सोबत गार्नेट हे खनिज वाढतं. माझी दोन वर्षं खाल्ली ती पुढच्या गोष्टीनं. मिग्मटाइटमधला पांढरा पट्टा, म्हणजे ल्युकोसोम, हे गोठलेलं मेल्ट आहे असं धरून नमुना दळायला देऊ नका. मेल्ट साताठ टक्क्यांवर गेलं की कणांच्या कडांनी जोडलं जातं, दगड दाबला-पिळला जात असला की भेगांकडे ओढलं जातं आणि निसटतं. जाता जाता फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजं मागे टाकतं. तुमच्या हातात बहुतेक वेळा तो गाळ असतो. चोथा चाखून चहाची चव सांगण्यातला प्रकार. रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या आलेखात त्यातलं युरोपियम वर उसळलेलं आणि बाकी सगळं खाली दिसलं, तर फेल्डस्पार साचलाय हे आधी तपासा. खरं मेल्ट हवं असेल तर गार्नेटच्या पोटात अडकलेले मेल्टचे काही मायक्रॉनचे थेंब शोधा. किचकट काम आहे, पण जमतं.

थर्मोकॅल्कवाल्यांनाही, म्हणजे दगड किती तापमान-दाबाला बनला हे सॉफ्टवेअरवर काढणाऱ्यांनाही, हेच लागू. आजच्या दगडाचं रासायनिक विश्लेषण घालून वितळण्याचा सगळा इतिहास काढू नका. मेल्ट आधीच निघून गेलंय, ते हिशोबात परत घालावं लागतं. सीनियरची इनपुट फाइल उचलून आकडे बदलणं हा शॉर्टकट मला तरी चोरीपेक्षा वाईट वाटतो, कारण त्यात चूकही उसनी येते.

गाइड निवडताना पेपर मोजू नका, खाणीत सोबत येतात का ते विचारा. आणि कब्बलदुर्गाला पहिल्या फेरीत हातोडा गाडीतच ठेवा. नुसतं रेखाटा: कोणता पट्टा कोणाला कापतो, कुठे रुंदावतो, कुठे विरतो.