यकृताचा रुग्ण गोळी का टाळतो, हे कसे ओळखावे

यकृताच्या रुग्णाची औषधे राहिली की घरचे त्याच्या विसराळूपणाला दोष देतात. पण मराठवाड्यातल्या घरांत ही गोळी पुष्कळदा विचार करून बाजूला ठेवलेली असते. म्हणून ‘औषध घेतले का’ असे विचारण्याआधी ‘हे कशासाठी दिले असे तुम्हाला वाटते’ असे विचारावे आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकावे.

सर्वाधिक घोटाळा लॅक्टुलोजवरून होतो. सिरोसिस (यकृत कडक होऊन दुबळे पडण्याचा आजार) झालेले आजोबा ते पातळ औषध दोन दिवस घेतात, तीनदा परसाकडे जावे लागले की ‘ह्या औषधानंच जुलाब लागलेत’ म्हणून बाटली कोनाड्यात सरकवतात. पुढे ते असंबद्ध बोलू लागले, दिवसा झोपून रात्री जागू लागले, तरी त्या चिकट बाटलीची कोणाला आठवण होत नाही. त्यांना ‘पोट साफ होण्याचे औषध’ एवढेच सांगून भागत नाही. आतड्यात तयार होणारा अमोनिया दुबळ्या यकृताला आवरत नाही व तो मेंदूपर्यंत पोचतो, म्हणून रोज दोन-तीन वेळा मऊ शौचाला होणे हेच या औषधाचे काम आहे, असे सांगावे. पाण्यासारखे जुलाब झाल्यास मात्रेविषयी डॉक्टरांना लगेच विचारावे.

‘मला बीपी नाही, मग ही गोळी कशाला?’ हा प्रश्न प्रोप्रॅनोलॉलबाबत येतो. ती यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब उतरवते आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटण्याचा धोका कमी करते.

कावीळ उतरवून घेणे, नाकात देवडांगरीचे थेंब टाकणे, यांवर लोकांचा विश्वास का बसतो, हेही समजून घ्यावे: दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय थेंबांना जाते. तोच अनुभव हिपॅटायटिस बी ला लावला की घात होतो, कारण डोळ्यांचा पिवळेपणा गेला तरी विषाणू शरीरात राहू शकतो आणि त्याला आवरणारे टेनोफोविर हे औषध मनाने बंद केल्यास आजार उसळू शकतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून हे औषध मोफत मिळते. ‘फुकटचे म्हणजे हलके’ ही शंका मात्र रुग्ण स्वतःहून बोलत नाही, ती आपणच काढावी लागते.

झाडपाल्याचे काही चालू असल्यास न रागावता ती पुडी पुढच्या तपासणीला सोबत आणायला सांगावे, कारण रागावल्यास पुडी बंद होत नाही, फक्त लपते.