सुपरनोव्हाच्या शेपटीवरून अर्धायुष्य काढायला जाऊ नका

सुपरनोव्हा म्हणजे स्फोट झालेला तारा; त्याच्या प्रकाशाचा दिवसागणिक आलेख वाचायला शिकणाऱ्यांसाठी हे लिहितोय. प्रतीचा (तेजाच्या मापाचा) आकडा वाढला की तारा मंद होतो आणि ५ प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात १०० पट फरक, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. टाइप टू-पीच्या (हायड्रोजन असलेल्या एका प्रकारच्या सुपरनोव्हाच्या) आलेखाचा तीन-चार महिन्यांचा सपाट भाग नवख्यालाही ओळखता येतो. गाडी अडते ती शेपटीत, म्हणजे आलेखाच्या शेवटच्या उतरत्या भागात. माझी तर अजूनही अडते.

स्फोटात किरणोत्सारी निकेल-५६ तयार होतं. सुमारे ६ दिवसांच्या अर्धायुष्याने (निम्मं उरायला लागणाऱ्या काळाने) त्याचं कोबाल्ट-५६ होतं आणि कोबाल्टचं ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंड. प्रत हे लॉगॅरिदमिक माप, त्यामुळे या क्षयाच्या ऊर्जेवर चमकणाऱ्या प्रकाशाची घट आलेखावर सरळ रेष दिसते. कोबाल्टचा उतार १०० दिवसांत ०.९८ प्रत. १९८७ए या सुपरनोव्हाच्या एकूण (सगळ्या रंगांच्या मिळून) प्रकाशाने शेपटीत बराच काळ हाच उतार धरला होता.

आता टाइप वन-ए हा हायड्रोजन नसलेला प्रकार घ्या. शिखरानंतर दीड-दोन महिन्यांनी त्याचा एकूण प्रकाश १०० दिवसांत अडीच प्रतींच्या आसपास उतरतो, आणि तोही सरळ रेषेत! त्यावरून अर्धायुष्य काढलंत तर जेमतेम ३० दिवस येईल. गणित बरोबर, उत्तर साफ चूक. कोबाल्ट तेच आहे, पण वन-एचा ढिगारा हलका आणि वेगवान, लवकर विरळ होतो, आणि कोबाल्टच्या क्षयातून निघालेले गॅमा किरण त्याला न तापवताच निसटतात. १९८७ए भोवती हायड्रोजनची जाड गोधडी होती, त्यामुळे तिथे ते अडकले. म्हणजे उतारात क्षय आणि गळती दोन्ही असतात, आणि थोड्या दिवसांच्या तुकड्यात गळतीही सरळच दिसते. एकाच फिल्टरचा (ठरावीक रंगाचाच प्रकाश सोडणाऱ्या काचेचा) आलेख असेल तर रंगबदलाची भर वेगळी. म्हणून प्रत्येक आलेखावर आधी ०.९८ ची तुटक रेघ ओढा, मग बोला.

पहिल्याच आठवड्यात टेम्प्लेट (तयार नमुना-वक्र) फिट करणारं सॉफ्टवेअर पॅकेज चालवू नका. ते कशावरही वक्र बसवून देतं. मार्गदर्शकाचं मोठं नावही पाहू नका. ‘हा बिंदू कुठल्या फिल्टरचा?’ असं खडसावणारा सीनियर मिळाला तर त्याला सोडू नका.

घाबरू मात्र नका, सरावाला सोपी जोडी आहे. २०११एफई (वन-ए) आणि २०२३आयएक्सएफ (टाइप टू) हे दोन्ही एम१०१ दीर्घिकेतले. अंतर एकच, त्यामुळे प्रती थेट शेजारी मांडता येतात. पहिला १० व्या प्रतीपर्यंत चढला, दुसरा ११ व्याच्या आसपास थांबला. फिल्टर मात्र दोन्हीकडे एकच घ्या.