जाहिरातींतून कौशल्यांची टंचाई मोजण्याच्या कामात येणाऱ्यांसाठी

नोकरीच्या हजारो जाहिराती मशीनकडून वाचून घ्यायच्या आणि कुठल्या कौशल्याची माणसं कमी पडताहेत ते शोधायचं, हे माझं काम. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं पहिल्यांदा विचारतात, "कोणतं मॉडेल वापरता?" मी त्यांच्या हातात राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ ठेवतो. त्यात सुमारे ३,६०० व्यवसायांना आठ अंकी संकेतांक दिलेत. पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळतात. ७२१२ म्हणजे भोसरीत काय नि मनिलात काय, वेल्डरच. हे डोक्यात बसल्याशिवाय मॉडेलचं उत्तर बरोबर की चूक, हे तुम्हाला कळणारच नाही.

मग जाहिराती साफ करायच्या. एकाच जागेची जाहिरात तीन कन्सल्टन्सी टाकतात. नकला काढल्या नाहीत तर एका जागेच्या तीन होतात. त्यानंतर 'सीएनसी सेटर कम ऑपरेटर' किंवा 'व्हीएमसीवाला, फॅनुक येणारा पाहिजे' (सीएनसी, व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची यंत्रं, फॅनुक हा त्यांच्या नियंत्रकाचा ब्रँड) अशा मजकुराला योग्य संकेतांक लावायचा. इथे भाषा-मॉडेल खरंच कामाला येतं: वाक्याचं आकड्यांत रूपांतर करून अर्थाने जवळचा व्यवसाय शोधतं. मराठी मजकुरासाठी गूगलचं म्युरिल किंवा पुण्याच्या एलथ्रीक्यूबचं महाबर्ट ही भाषा-मॉडेलं वापरून बघा. कौशल्यांच्या यादीसाठी बहुतेक जण थेट एस्कोकडे, म्हणजे युरोपच्या व्यवसाय-कौशल्यांच्या यादीकडे धावतात. यादी उत्तम आहे, पण आपल्याकडच्या कारखान्यांसाठी सेक्टर स्किल कौन्सिलचे क्वालिफिकेशन पॅक (एकेका उद्योगाच्या कौशल्य मंडळाने, कुठल्या कामाला काय यायला हवं, ते लिहून ठेवलेले दस्तऐवज) मला जास्त जवळचे वाटतात.

काहीशे जाहिराती दोघांनी एकमेकांना न विचारता हाताने वर्गीकृत करा. दोन माणसांचंच एकमत होत नसेल, तर मशीनच्या अचूकतेच्या टक्केवारीला काही अर्थ नाही. कंटाळवाणं काम आहे, तरीही ते दुसऱ्यावर ढकलू नका.

आता मुख्य मुद्दा. मागणी म्हणजे टंचाई नव्हे. 'कम्युनिकेशन स्किल्स' जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतं, म्हणून त्याची टंचाई ठरत नाही. विमा विक्री किंवा कॉल सेंटरच्या जाहिराती वर्षभर येत राहतात, कारण तिथली माणसं टिकत नाहीत. जर्मनीचं रोजगार खातं दरवर्षी टंचाईचे व्यवसाय ठरवतं, तेव्हा सहा निकष लावतं. जागा किती दिवस रिकामी राहते, एका जागेमागे काम शोधणारे किती, पगार किती वाढला, असे ते निकष. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि सरासरी दोन किंवा वर गेली तरच टंचाई.  नुसत्या जाहिरातींतून या सहापैकी एखाद-दुसऱ्या निकषाचाच अंदाज बांधता येतो.

त्यात आपल्याकडची बरीचशी भरती जाहिरातीत येतच नाही. चाकणला कंपनीच्या गेटवर 'पाहिजेत' असा बोर्ड लागतो, ठेकेदार व्हॉट्सॲपवर निरोप टाकतो, आयटीआयमध्ये कॅम्पस इंटरव्ह्यू होतो. परिणामी जाहिरातींवरून बनवलेल्या डॅशबोर्डवर, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यावर, जावा आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषा झळकतात, टिग वेल्डिंग करणारा कुठेच दिसत नाही. हाच तक्ता बघून कुणी आयटीआयच्या जागा ठरवल्या, तर नुकसान थेट सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचं होतं. म्हणून कळकळीने सांगतो, आयटीआयच्या निदेशकांशी बोला. कोणत्या ट्रेडच्या मुलांना परीक्षेआधीच बोलावणं येतं, कोणत्या ट्रेडच्या जागा रिकाम्या राहतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. मालक म्हणाला, "माणसंच मिळत नाहीत," तर पगार आणि ड्युटीचे तास विचारा. बारा तास उभं राहून हातात तुटपुंजी रक्कम पडत असेल, तर ती पगाराची अडचण आहे. तिला कौशल्याची टंचाई म्हणायला माझा ठाम विरोध आहे, कारण त्या नावाखाली मुलांना आणखी एक कोर्स करायला लावलं जातं.

शिकायचं म्हणाल तर एसक्यूएल (साठवलेल्या डेटातून हवं ते काढायची भाषा), पायथन आणि सॅम्पलिंगचं, म्हणजे नमुना निवडीचं, संख्याशास्त्र, आणि त्यातही शेवटचं सगळ्यात नीट. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाचे, म्हणजे पीएलएफएसचे, अंदाज २०२५ पासून दरमहा येतात. त्याचा मूळ डेटा फुकट मिळतो. महाराष्ट्रातल्या कामगारांची व्यवसायनिहाय कमाई त्यातून काढा आणि जाहिरातींवरून बनवलेल्या तक्त्याशेजारी ठेवा. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथून कामाला सुरुवात करा.